जळका वास अर्धा तास आधी आला होता

खान्देशातल्या डाळमिल, चटई, पाइप, जिनिंग आणि लूमच्या मालकांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मी फिटर. आयटीआयचा दाखला हातात पडल्याला २७ वर्षं झाली. पहिली १२ वर्षं नोकरीत काढली, त्यानंतर दोन पोरं हाताशी घेऊन मेंटेनन्सची कामं घ्यायला लागलो. जळगावची एमआयडीसी, भुसावळ, चोपडा, अमळनेर, धुळे, नरडाणा, सीझनला कधी नंदुरबार. डाळमिलचा एलिव्हेटर (दाणे डब्यांत भरून वर चढवणारा पट्टा) असो, चटईचा लूम असो, पाइपचा एक्सट्रूडर असो, जे बसलं असेल ते उठवून द्यायचं. तुमच्यापैकी पुष्कळ जण मला तोंडाने ओळखता. रात्री-अपरात्री आलो तर चहा पाजता. माझे वडील गेले तेव्हा तुमच्यातले काही जण दारात येऊन बसले होते. तेव्हा हे पत्र भांडायला लिहीत नाही. पण गेल्या महिन्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही, आणि ती एकट्या त्या मिलची असती तर मी त्या शेठना बाजूला घेऊन सांगितलं असतं.

तुरीचा सीझन ऐन भरात होता. रात्री सव्वाअकराला फोन आला, एलिव्हेटर बसला. गेलो. खालच्या बुटात, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत, तूर गच्च भरली होती, पट्टा अडकून जागेवर उभा राहिला आणि वरचा ड्रम त्याच्याखाली फिरतच राहिला. रबर घासून घासून जळलं, पट्टा तुटला आणि सगळे डबे घेऊन नळकांड्यातून खाली कोसळला. डाळमिल ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना माहीत आहे, वरच्या मजल्यावर हवेत भुश्याची बारीक धूळ कायम तरंगत असते. तिथे रबर जळत होतं. आग लागली नाही हे नशीब.

पहाटे तीनच्या सुमाराला मी नव्या पट्ट्याचे बोल्ट आवळत होतो. पाना हातात द्यायला एक पोरगा होता, १९ वर्षांचा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा, आठ महिन्यांपासून तिथे हेल्पर. संध्याकाळपासून वरच्या मजल्यावर झाडायला तोच होता. बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "काका, वास तर आधीच आला होता."

"केव्हा?"

"पट्टा तुटायच्या अर्धा तास तरी आधी."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, मग मिस्त्रीला सांगितलं का नाहीस? तो खाली बघून म्हणाला, "मागच्या महिन्यात माझ्या जोडीदाराने चाळणी फाटल्याचं सांगितलं. त्याचेच पाचशे कापले. काका, मी सांगितलं असतं तर माझे किती कापले असते?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. मिल दोन पाळ्या बंद राहिली, बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या. दुसऱ्या दिवशी पाळीतल्या चौघांचा एकेक दिवसाचा पगार कापला गेला. शेठ मला म्हणाले, धडा मिळाला पाहिजे. मला भीती वाटते ती त्या चौघांना मिळालेल्या धड्याचीच. चाळणीवाल्याने सांगितलं, त्याचे कापले. यांनी सांगितलं नाही, यांचेही कापले. उद्या वास आला तर त्या मजल्यावर उभंच राहायचं नाही, एवढं त्या चौघांनी मनाशी पक्कं केलं असेल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

केलंच होतं. १९९९ साली मी एका कारखान्यात अॅप्रेंटिस होतो. माझ्याबरोबरच्या एका पोराच्या हातून आटे पाडताना टॅप मोडला. त्याने सरळ जाऊन सांगितलं, तर स्टायपेंडमधून टॅपचे पैसे वळते झाले आणि वर सगळ्यांसमोर आईवरून शिवी खावी लागली. आठवडाभराने मी एका शाफ्टवर बेअरिंग बसवत होतो. ते तेलात गरम करून बसवायचं, हे शिकलो होतो. पण घाई होती, हातोडी हाताशी होती. दोन घाव घातले, बेअरिंग बसलं. फिरवून पाहिलं तर आतून खरखर. त्या खरखरीचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. टॅपवाल्याचा चेहरा आठवला आणि मी कव्हर लावून टाकलं. चौथ्या रात्री बेअरिंग जाम झालं, शाफ्ट खराब झाला. चौकशी झाली, कोणाचंच नाव पुढे आलं नाही. बेअरिंग काही शे रुपयांचं होतं, शाफ्टचा खर्च त्याच्या कितीतरी पट. चूक माझी होती, ती मी आज इथे कबूल करतो. पण ती चार दिवस पोटात ठेवायला मला त्या कारखान्यानेच शिकवलं होतं, आणि ते शिक्षण आयटीआयच्या दोन वर्षांपेक्षा पक्कं बसलं. ते अंगातून काढायला मला पुढची दहा वर्षं लागली.

तुमच्या ऑफिसात बसलो की एक तक्रार हमखास ऐकू येते. पोरं शिकत नाहीत, टिकत नाहीत, कामात लक्ष नाही, मोबाइलने वाट लावली. मोबाइलचं मी नाकारत नाही. पण मी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची मशीन दोन ठिकाणी बघतो. वीज तीच, ऊन तेच, पोरंही त्याच गावांतली, कधी कधी तर सख्खे भाऊ. एका ठिकाणी मला महिन्यातून तीनदा बोलावणं येतं, दुसऱ्या ठिकाणी तीन महिन्यांतून एकदा. हा फरक कशाने पडतो, हे मी इतकी वर्षं बघतो आहे. जिथे माणूस "मशीन वेगळा आवाज देतेय" असं निर्धास्तपणे सांगू शकतो, तिथे मला ग्रीस आणि पाना घेऊन बोलावतात. जिथे सांगू शकत नाही, तिथे गॅसकटर आणि नवा शाफ्ट घेऊन बोलावतात. माझं बिल दुसरीकडेच मोठं होतं, तरी मी हे लिहितो आहे.

आता मिस्त्रींबद्दल, कारण शिकण्याची खरी गाठ तिथे आहे.

तुरीची डाळ करताना साल काढणाऱ्या रोलवर सगळा खेळ असतो. दाण्याला तेल-पाणी देऊन वाळवलेलं असतं. त्या दिवशी ऊन किती होतं, दाणा आत किती ओला राहिला, माल कुठल्या भागातला आहे, यावर रोलची सेटिंग बदलते. जरा जास्त आवळलं की तुकडा वाढतो, जरा सैल ठेवलं की साल राहते. हे कुठल्याही पुस्तकात आकड्याने लिहिलेलं नाही. चांगला मिस्त्री मूठभर दाणे घेतो, तळव्यांत चोळतो, एखादा दाताखाली फोडतो, त्याचा आवाज ऐकतो आणि मग चाकाला पाव फेरा देतो. तेवढ्या पाव फेऱ्यावर शेठचा दिवस ठरतो, कारण फटका (सगळ्यात चांगली) डाळ आणि तुकडा यांच्या भावातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एका मिलमध्ये मी बघितलं, मिस्त्री सेटिंग करताना मशीनकडे तोंड आणि पोरांकडे पाठ करून उभा राहायचा. मुद्दाम. त्याचा खांदा मध्ये यायचा, हात दिसायचा नाही. तीन वर्षं त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या पोराला पाव फेरा कधी द्यायचा ते माहीत नव्हतं. मी एकदा जेवताना विचारलं, नाना, पोराला दाखवत का नाही? भाकरीचा तुकडा हातातच ठेवून ते म्हणाले, "दाखवीसन काय फायदा शे? आज दाखवलं, उद्या तोच पोऱ्या माझ्या जागेवर, अर्ध्या पगारात." आणि त्यांनी शेजारच्या मिलमधल्या एका मिस्त्रीचं नाव घेतलं, ज्याच्यासोबत नेमकं हेच झालं होतं.

नानांना कोणी कंजूष म्हणेल. मी म्हणत नाही. हातातली कला हीच त्यांची एकमेव मालमत्ता आहे आणि ती उघडी ठेवली तर चोरीला जाईल, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पोराला शिकायचं आहे, मिस्त्रीला येतं, मशीन समोर आहे, तरी शिकणं होत नाही, कारण मधे एक खांदा आला आहे. तो खांदा बाजूला घ्यायला मिस्त्रीला तुमच्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे.

दुसऱ्या एका ठिकाणी हा भरवसा कसा तयार झाला, ते मी जवळून पाहिलं. तिथल्या शेठनी मिस्त्रीला ऑफिसात बोलावून, मुनीमजींच्या समोर, कागदावर लिहून दिलं की पोरं शिकली म्हणून तुमची जागा किंवा पगार कमी होणार नाही. वर प्रत्येक शिकवलेल्या पोरामागे महिन्याला काही रक्कम शिकवणीची म्हणून. मिस्त्री पहिले दोन महिने तरीही पाठ करूनच उभा होता. भरवसा कागदाने लगेच येत नाही. मग शेठनी सीझन संपताना ठरल्याप्रमाणे पैसे दिले, न मागता, न कापता. त्याच्या पुढच्या सीझनला मी गेलो तर मिस्त्री पोराचा हात स्वतःच्या हाताखाली धरून चाक फिरवत होता आणि म्हणत होता, "डोळे मीट, आवाज आयक." पोराने डोळे मिटले होते. मी दारातच उभा राहिलो. मला माझ्या काळात असं कोणी शिकवलं असतं तर, असं वाटून गेलं.

त्या मिलमध्ये आता दोन पोरं रोल सेट करतात. मिस्त्री मुलीच्या लग्नाला १५ दिवस रजेवर गेला आणि मिल चालू राहिली.

आपल्याकडे हे नवं नाही. अमळनेरला प्रताप मिलच्या प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापडाच्या धंद्यातला माणूस, पण धंद्यातला पैसा शिकण्या-शिकवण्याकडे वळवावा असं त्याला वाटलं. त्याच अमळनेरच्या शाळेत पुढे साने गुरुजी शिकवत होते. खान्देशच्या मालकाला शिक्षणाचं वावडं कधी नव्हतं. शाळेच्या खोलीला देणगी द्यायला तुम्ही आजही मागेपुढे बघत नाही. तुमच्या स्वतःच्या शेडमध्ये मात्र शिकणाऱ्याला जो पहिला अनुभव येतो तो बहुधा अपमानाचा असतो, हे मला टोचतं. एखाद्या पोराच्या तोंडून अहिराणी निघाली की सुपरवायझर नक्कल करून हसतो. पोरगा मग तोंड उघडायचंच सोडतो. त्याने "आवाज बदलला" हे कोणत्या भाषेत सांगावं?

माझी पुतणी नर्सिंगला आहे. तिने मला एका संशोधनाबद्दल सांगितलं, ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या चमूंमध्ये एकोपा चांगला, प्रमुख चांगली, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं ते असं की तिथे चुका जास्त होतात असं नाही, तिथे त्या सांगितल्या जातात. बाकीच्या ठिकाणी दडवल्या जात होत्या. पुतणीने हे सांगितलं तेव्हा मला माझं बेअरिंग आठवलं. आणि तुमच्या ऑफिसातली ती वही आठवली, जिच्यात ज्याच्या नावावर जास्त नोंदी तो वाईट कामगार ठरतो. त्या वहीत कोरं पान असणारा माणूस कदाचित सगळ्यात जास्त घाबरलेला असेल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या भिंतीवर जपानी पद्धतीचे तक्ते लावलेले असतात. स्वच्छता, शिस्त, सुधारणा, सगळं रंगीत. पण टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की त्याने ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कोणी ओरडत नाही. जपानी मालकांना १९५० पासून गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डेमिंग या अमेरिकन माणसाने पुढे व्यवस्थापकांसाठी १४ सूत्रं लिहिली, त्यातलं आठवं सूत्र कामाच्या जागेवरून भीती हाकलून लावा असं आहे. तक्ते आपण आणले. दोरी आणली नाही. त्या पोराच्या डोक्यावर दोरी असती आणि ती ओढायची भीती नसती, तर मी त्या रात्री घरी झोपलो असतो.

मला ठाऊक आहे तुमचं उत्तर. "एवढं सैल सोडलं तर डोक्यावर बसतील." हे मी खूप वेळा ऐकलंय आणि ते साफ चूक आहे असं म्हणणार नाही. दारू पिऊन पाळीला येणारा, मशीनचं गार्ड मुद्दाम काढून ठेवणारा, माल चोरणारा, त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. ती झाली नाही तर नीट काम करणाऱ्याचाच विश्वास उडतो. पण हातून झालेली चूक, निष्काळजीपणा आणि मुद्दाम केलेली गोष्ट या तिन्हींना तुम्ही एकच दंड लावता. अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांच्या चुकांच्या नोंदी गोळा करते. वैमानिक स्वतःची चूक स्वतः कळवतो, नोंदीतून त्याचं नाव काढून टाकलं जातं आणि बाकीचे त्यातून शिकतात. मुद्दाम केलेल्या गोष्टीला किंवा गुन्ह्याला त्यात माफी नाही. विमानासारख्या धंद्यात हा भेद करता येतो, तर आपल्या एलिव्हेटरवर का करता येऊ नये?

न्याय म्हणजे सगळ्यांना सारखंच द्या, असंही मी म्हणत नाही. कामगार तसं मागतही नाही. मिस्त्रीला हेल्परपेक्षा जास्त मिळतं यावर मी कधी कोणाची कुरबुर ऐकली नाही. कुरबुर असते ओव्हरटाइमची यादी कोणी केली आणि कशी केली यावर. त्यात दर वेळी सुपरवायझरच्या गावचीच नावं का, यावर. कायमच्या कामगाराला काचेच्या ग्लासात चहा आणि ठेकेदाराच्या माणसाला प्लास्टिकच्या कपात, यावर. चहा तोच असतो हो. पण ठेकेदाराचा माणूस मला सांगतो, "आम्हाला त्यांनी हातभर लांबच ठेवलंय, मग आपण कशाला मशीनच्या जवळ जायचं?"

जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकाचा १९९० सालचा एक अभ्यास आहे. एका कंपनीचं काम कमी झालं म्हणून दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात प्रमुखाने कामगारांना बसवून, हिशोब दाखवून, प्रश्नांना उत्तरं देत कारण सांगितलं, खेद व्यक्त केला. दुसऱ्यात थोडक्यात कळवून टाकलं. कपात तेवढीच. पण दुसऱ्या कारखान्यात चोरी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वाढली. पगार पूर्ववत झाल्यावर ती पुन्हा खाली आली.

हे वाचलं तेव्हा मला आपला २०२० चा लॉकडाऊन आठवला. माझ्या माहितीतल्या दोन कारखान्यांनी तेव्हा पगार अर्धा केला. एका मालकाने माणसांना आवारात लिंबाखाली लांब लांब उभं करून रद्द झालेल्या ऑर्डरी आणि लाइटबिल दाखवलं, म्हणाला, माझ्या घरचा खर्चही असा असा कमी केलाय, काम सुरू झालं की आधी तुमचं भरून काढीन. दुसऱ्याने ठेकेदाराच्या तोंडून निरोप पाठवला. अनलॉक झाल्यावर पहिल्याकडची माणसं गावाहून मिळेल त्या गाडीने परत आली, त्यांच्यासोबत कोणाचा मेहुणा, कोणाचा चुलतभाऊही आला. दुसऱ्याला मी स्वतः तीन महिने माणसं शोधून देत होतो. मिळत नव्हती. खेड्यापाड्यांत कोणत्या गेटवर काय वागणूक मिळते ते आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावर बसून बोललं जातं, त्याला जाहिरात लागत नाही.

आता कायद्याचं, थोडक्यात, कारण तुमच्यातल्या अनेकांना खरंच माहीत नसतं. मनाला येईल तेवढा दंड कापता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून हे आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तसंच आहे. कशासाठी दंड होईल ते आधी मंजूर करून घेऊन कामगारांना दिसेल असं लावलेलं पाहिजे. दंड करण्याआधी माणसाला खुलासा करायची संधी दिली पाहिजे. त्या पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड होत नाही. १२ हजार पगारावर ३६० रुपये होतात, चाळणीवाल्याचे पाचशे कापले होते. दंडाची रक्कम नोंदवहीत लिहावी लागते आणि ती कामगारांच्या भल्यासाठीच खर्च करावी लागते. नुकसानीपोटी कापायचं असेल तर ते नुकसान त्याच माणसाच्या हयगयीमुळे थेट झालं हे ठरलं पाहिजे, आणि तिथेही आधी त्याचं ऐकून घ्यायचं. या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ऐकून घेणं. कायदा करणाऱ्यांनी ९० वर्षांपूर्वी ते लिहून ठेवलं. चाळणीवाल्याला कोणी विचारलं असतं, तर चाळणी दोन महिन्यांपासून ठिगळ लावून चालवत होते हे पुढे आलं असतं. मी ते ठिगळ पाहिलेलं आहे.

मी स्वतः काही वेगळा निपजलो नाही, हेही सांगायला हवं. माझ्या हाताखालच्या पोराने एकदा कपलिंगची अलाइनमेंट न बघता बोल्ट आवळले आणि मी गिऱ्हाइकासमोर त्याच्यावर ओरडलो. त्यानंतर तो आठवडाभर मला काही विचारेना. हातात काम घ्यायचा, गप्प करायचा, गप्प निघून जायचा. आठव्या दिवशी मी गाडी बाजूला लावली आणि त्याला म्हटलं, चुकलं माझं, तसं बोलायला नको होतं. तो काही बोलला नाही. दुपारी मात्र त्याने हाक मारली, "भाऊ, इकडे या ना, हे जरा बघा, मला खात्री नाही वाटत." ते "मला खात्री नाही" ऐकायला मला केवढं बरं वाटलं! हे वाक्य जो माणूस मोठ्याने बोलू शकतो तोच शिकतो, आणि ते बोलायला त्याला तुमच्याकडून काहीतरी मिळालेलं असावं लागतं.

आणि निवडायला बसणाऱ्या बाया. मशीनमधून निघालेला माल सगळ्यात शेवटी त्यांच्या हातांखालून जातो. काळा दाणा वाढला, खडा वाढला, तर सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. सॉर्टेक्स (दाणे रंगावरून निवडणारं मशीन) आल्यापासून त्या कमी झाल्या, पण ज्या आहेत त्यांना कोणी विचारत नाही. मी मशीन उघडण्याआधी नेहमी त्यांच्याकडे जाऊन बसतो. अर्धं निदान तिथेच होतं. "मावशी, केव्हापासून असं येतंय?" एवढं विचारलं की वार आणि वेळ सांगतात.

आखाजी तोंडावर आली आहे. पोरं गावी जातील. दर वर्षी त्यातली किती परत येतील याची तुम्हाला धास्ती असते, मे महिना अर्धा सरला की तुमचे मला फोन येतात, कुठे पोरगं असेल तर पाठवा. यंदा पोरं निघायच्या आधी पाळीच्या जागी एकदा उभे राहून सांगा, की मशीनचा बिघाड सांगणाऱ्याचा एक रुपयाही कापला जाणार नाही. तुम्ही स्वतः सांगा, सुपरवायझरच्या तोंडून नको. ओव्हरटाइमची यादी कशी ठरते ते भिंतीवर लिहून लावा. मिस्त्रीला ऑफिसात बोलावून त्याच्या जागेची खात्री द्या आणि मग त्याच्याकडे एक पोरगा सोपवा. अॅप्रेंटिस घेतलेले असतील तर त्यांच्या हातात झाडूच्या जोडीने मायक्रोमीटर द्या. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, मग घेतलेले शिकून तरी बाहेर पडू देत. आणि पहिला माणूस येऊन काही बिघाड सांगेल तेव्हा, तो निघाला खोटा तरी, त्याचे सगळ्यांसमोर आभार माना. बाकीचे सगळे त्या वेळी तुमच्या तोंडाकडे बघत असतील.

त्या रात्रीच्या मिलचे शेठही हे वाचतील. शेठ, तुमचं नाव मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही. परवा तो पोरगा मला बसस्टँडवर भेटला. विचारलं, आखाजीनंतर परत येशील ना? म्हणाला, "चौघांचा कापलेला दिवस परत दिला तर येईन. पैशांचं नाही काका. पण आम्हाला कोणी विचारलंच नाही."

चौघांचा मिळून तो दिवस दोन हजारांच्या आत बसतो. पट्ट्याचं आणि डब्यांचं माझं बिल त्याच्या कितीतरी पट होतं, आणि ते तुम्ही तिसऱ्या दिवशी एक शब्द न बोलता दिलंत.

आपला,
एक फिटर, जळगाव